भिंत न फोडता वायरलेस बेल कशी बसवायची

बटण दाबूनही बेल वाजत नसेल तर आधी बिघाड कुठे आहे ते बघा. नुसता बेलचा डबा जळाला असेल तर तो स्वस्तात बदलून मिळतो, पण गेटपर्यंतची वायर भिंतीत कुठेतरी तुटली असेल तर फोडाफोडी, प्लास्टर, परत रंग, एवढा खर्च करण्यापेक्षा वायरलेस बसवलेली बरी.

घेताना हे बघा, बऱ्याच बेलचा घरातला भाग सॉकेटमध्ये लावायचा असतो म्हणजे लाईट गेली की बेलही बंद, आणि आपल्या खान्देशात गावाकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून मी तर सेलवर चालणारीच घ्या म्हणेन. खोक्यावरची रेंज मोकळ्या जागेतली असते, धाब्याच्या घरातल्या जाड भिंती मध्ये आल्या की ती बरीच घटते.

आता जुनी बेल काढा. आपल्याकडे साध्या बेलला थेट २३० व्होल्ट असतात त्यामुळे मेन स्विच बंद करूनच हात लावा, टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग मेन बंद करून बेलच्या वायरीवर लावा. वायरींची टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळा आणि बोर्डातलं कनेक्शन वायरमनकडून तोडून घ्या. गेटवरचं जुनं बटण तसंच सोडू नका, पावसात ओलं झालं की त्याला करंट उतरू शकतो, आणि तिथे लहान पोरांचा हात पोचतो.

नवीन बटणात सेलजवळ प्लास्टिकची पट्टी असेल तर ओढून काढा. आतल्या डब्याचं बटण लाईट लुकलुकेपर्यंत दाबून धरा, लगेच बाहेरचं बटण दाबा, वाजली की जोडणी झाली. (काही कंपन्यांची पद्धत वेगळी असते, सोबतचा कागद वाचा.) शेजारच्यांच्या बटणाने तुमची बेल वाजायला लागली तरी आधी हीच जोडणी परत करून बघा.

चिकटवायच्या आधी दार लावून, कूलर फुल स्पीडवर ठेवून एकाला गेटवरून बटण दाबायला सांगा. कूलरच्या घरघरीत ऐकू येत नसेल तर आवाज वाढवा किंवा डबा दुसऱ्या खोलीत हलवा.

बटण लोखंडी गेटवर नको, सिग्नल कमी होतो, बाजूच्या खांबावर सावलीत लावा आणि स्क्रूनेच लावा, कारण जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत डबल टेप सुटून येतो. पुढे कधी बेल अडखळायला लागली तर आधी बटणातला सेल बदलून बघा.