पायाची नस तपासताना 'होय की' म्हणायची घाई नको

मधुमेहाने पायाच्या संवेदनेच्या नसा बधिर झाल्यात का, या तपासणीचा खानापूरच्या आमच्या मामींचा अहवाल नॉर्मल आला होता. महिन्याभरात नव्या कोल्हापुरी चपलेच्या अंगठ्याने बोट सोललं आणि मामींना पत्ताच नाही. फरशीवरचा डाग सुनेने पाहिला.

तपासणीला मी सोबत होतो. नर्सबाई नायलॉनचा दोरा पायाला लावायच्या आणि विचारायच्या, "गोत्तागुत्ता?" म्हणजे "कळतंय का?" मामींचं कन्नड बाजारापुरतं. पाय समोर दिसत होता, बाईंचा हातही दिसत होता. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "होय की." चूक तिथेच झाली. विचारून मिळालेलं 'होय' मोजायचं नसतं.

हा दोरा म्हणजे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट. आधी तो हातावर लावून दाखवतात, म्हणजे काय ओळखायचं ते पेशंटला कळतं. मग डोळे मिटायला लावायचे आणि सांगायचं, "लागलं की बोला." दोरा वाकेपर्यंत दाबायचा, सेकंदभर धरायचा, घासत न्यायचा नाही. मधूनच न लावताही विचारून पाहायचं. तेव्हाही 'होय' आलं, तर पेशंट अंदाजाने बोलतोय. सांगणं पेशंटच्या भाषेत हवं. आपल्या भागात घरचं कुणी दुभाषी असतंच, पण त्याने उत्तर सुचवू नये. मी स्वतः मामींना मान डोलावून दाखवत होतो, हे कबूल करतो.

घट्ट्यावर दोरा लावू नये. भाताच्या चिखलात अनवाणी वावरलेल्या पायाला घट्टे असणारच, ते सोडून बाजूची जागा घ्यावी. दोराही थकतो: साधारण दहा पेशंट झाले की त्याला दिवसभर विसावा लागतो, नाहीतर तो कमी दाबातच वाकतो.

नुसता दोराही पुरत नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की थरथरणारा धातूचा काटा, अंगठ्याच्या हाडावर ठेवतात तेव्हा "गार लागलं" हे उत्तर चालत नाही. थरथर कळली का आणि कधी थांबली, ते सांगायचं असतं.

नसांचा महागडा आलेख नॉर्मल आला म्हणून तळपायाची आग खोटी ठरत नाही. तो जाड नसांचा असतो, आग बारीक नसांची. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही पाहून घ्यावं. ते कमी झाल्यानेही बधिरपणा येतो.

"दुखत नाही, मग कशाला?" असं म्हणणारे खूप. दुखत नाही हेच तर बघायचं असतं. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्यापासूनच दरवर्षी, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर.

घरी सुई टोचून बघू नका. पेशंटला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी अशा सहा जागी तर्जनी हलकेच एक-दोन सेकंद टेकवा. दोन किंवा जास्त जागा चुकल्या तर डॉक्टरांना तेवढंच सांगा. मामींच्या चार चुकल्या.