इनटेक व्हॉल्व्ह मोठा करताय? आधी कॅमची लिफ्ट मोजा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) कामाला टाकण्याआधी गाडी कशासाठी हवी ते ठरवा. डबल सीट पन्हाळा चढायचा, की बेंगळुरू हायवेला आरपीएम ताणायचा? इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह, मोठा केला की टॉपला ताकद मिळते, पण खालचा पिकअप पडतो.

५७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५८ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव) इंजिन घ्या. २८ मिमीच्या व्हॉल्व्हमधून हवेचा सरासरी वेग ८००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६४ मीटर, ३००० ला २४. व्हॉल्व्ह ३१ केला तर ३००० ला जेमतेम २० उरतो. हवा संथ झाली की पेट्रोल नीट मिसळत नाही आणि गाडी खाली गुदमरते.

हवा जाते ती व्हॉल्व्हच्या कडेच्या फटीतून. फटीचं क्षेत्रफळ म्हणजे ३.१४ × व्यास × लिफ्ट (कॅम व्हॉल्व्हला जेवढा उचलतो तेवढं अंतर). लिफ्ट ६ मिमी असताना २८ चा २९ केला तर फट साडेतीन टक्क्यांनीच वाढते. व्हॉल्व्ह तोच ठेवून लिफ्ट साडेसहा केली तर आठ टक्क्यांवर! म्हणून आधी डायल गेजने लिफ्ट मोजा. ती व्यासाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास पोचली असेल, तरच मोठ्या व्हॉल्व्हचा खर्च वसूल होतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हला हात लावायची घाई नको. जळालेला गॅस स्वतःच्या दाबाने बाहेर पडतो, इनटेकला मात्र हवा ओढून घ्यावी लागते. त्यामुळे दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये एक्झॉस्ट इनटेकच्या ८०-८५ टक्के पुरतो. २९ ला २४. दोन्ही वाढवले तर सीटांमधली (व्हॉल्व्ह मिटून टेकतो त्या कड्यांमधली) भिंत बारीक होते आणि तापून तिथेच हेड तडकतं.

लेथवाल्याला मापं लिहूनच द्या: २९ च्या व्हॉल्व्हला घसा (सीटखालचं भोक) २५ मिमी, सीट ४५ अंश, वर ३०, खाली ६०. सीटची रुंदी इनटेकला १ ते १.२, एक्झॉस्टला १.५ मिमी. एक्झॉस्टची सीट अरुंद करू नका. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तिथूनच हेडमध्ये उतरते. गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ढिलं असेल तर ते आधी बदला, नाहीतर सीट वाकडी कापली जाते. व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीला फार खेटली तर त्या बाजूने हवा जातच नाही, मग वाढवलेलं माप फुकट.

सीट खोल कापली गेली तर स्टेम (व्हॉल्व्हची दांडी) वर येतो, टॅपेटची फट कमी होऊन तो आवळतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्ट असा जळतो. स्प्रिंगही सैल पडते.

जोडताना पिस्टनवर थोडी माती-क्ले थापा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढून दाबलेला थर मोजा. इनटेकला किमान १.५, एक्झॉस्टला २ मिमी हवा. शेवटी प्लग लावून हेड उलटं ठेवा, चेंबरमध्ये पेट्रोल ओता. पाच मिनिटांत पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) ओल दिसली, तर घासायची पेस्ट घेऊन व्हॉल्व्ह पुन्हा सीटवर घासायला बसा.