राष्ट्रपतींना निवेदन लिहिताय? या चुका टाळा

मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर पोचतो, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं आणि वर ‘प्रति, मा. राष्ट्रपती, मार्फत मा. जिल्हाधिकारी’ असं लिहिलेला कागद टेबलावर येतो. आवकचा शिक्का बसतो, पोच मिळते, फोटो निघतो. असे मसुदे माझ्याकडे तपासायला येतात. मजुरी बुडवून आलेल्या माणसांची मागणी चुकीच्या दारात अडकलेली पाहिली की फार वाईट वाटतं.

‘राष्ट्रपतींनी हा कायदा रद्द करावा’

सही झालेला कायदा राष्ट्रपतींना रद्द करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 74 नुसार त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं लागतं. सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला की तो बंधनकारक. विधेयकाचंही तसंच, आणि धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक) किंवा घटनादुरुस्ती तर एकदाही परत पाठवता येत नाही. तेव्हा विधेयक सहीसाठी गेलेलं असेल तर ‘फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवावे’ असं लिहा. सही झाली असेल तर कलम 226 खाली उच्च न्यायालय गाठा.

तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी 1986 चं टपाल दुरुस्ती विधेयक सहीविना ठेवून दिलं, हे सभेत हमखास ऐकायला मिळतं. ते खरं आहे, पण अपवाद आहे. त्यावर मागणी उभी करू नका.

‘आमदाराला परत बोलवा’

आमदार-खासदारांना मुदतीआधी परत बोलावण्याची तरतूद आपल्याकडे नाही. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून पदही जात नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की जातं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या लिली थॉमस निकालापासून अपील करायचंय म्हणून तीन महिन्यांची सवलत मिळत नाही. पक्षांतराची तक्रार विधानसभा अध्यक्षांकडे करायची, राष्ट्रपतींकडे नाही.

‘सभागृहातलं काही कोर्टात जात नाही’

हा समज सगळ्यात घट्ट बसलेला, आणि माझ्या मते सगळ्यात घातक. सभागृहातल्या भाषणाला आणि मताला संरक्षण आहे, ते असायलाच हवं. पण मतासाठी पैसे घेतले तर ते संरक्षण लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 4 मार्च 2024 रोजी एकमतानं सांगितलं आणि 1998 चा उलटा निकाल मोडीत काढला.

आपल्या विधानसभेचंच पाहा. 5 जुलै 2021 ला भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. 28 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन त्या अधिवेशनापलीकडे अवैध ठरवलं. पक्ष बाजूला ठेवून कारण वाचा: आमदाराची हकालपट्टी झाली असती तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक झाली असती. वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघाला आमदारही नाही आणि निवडणूकही नाही. ही शिक्षा आमदारापेक्षा मतदारांना बसत होती.

वटहुकूम निघाला की हात टेकणं

वटहुकूम म्हणजे अधिवेशन चालू नसताना काढलेला तात्पुरता कायदा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहानं मंजुरी दिली नाही तर वटहुकूम संपतो. बिहारमध्ये मात्र तेच वटहुकूम पुन्हा पुन्हा काढले जात. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या राजपत्रांची नोंद तपासली: 1967 ते 1981 या काळात 256 वटहुकूम, त्यातले काही तब्बल 14 वर्षं जिवंत ठेवलेले. ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1986 मध्ये न्यायालयानं ही प्रथा घटनेशी केलेली फसवणूक ठरवली आणि त्यांना दहा हजार रुपये खर्च देण्याचा आदेश दिला.

म्हणून वटहुकुमाविरुद्ध निवेदन लिहिताना आधी राजपत्र काढा. वटहुकुमाची तारीख, अधिवेशन सुरू झाल्याची तारीख आणि त्यापुढचे सहा आठवडे मोजून पहिल्याच परिच्छेदात लिहा. राजपत्राची प्रत सोबत जोडा, आणि पोच घेताना त्या प्रतीवरही शिक्का मारून घ्या.