काळवीटांचा चारा गुरं खायची, त्यावर केलेला जुगाड

येवल्याकडं ममदापूर-राजापूर पट्ट्यात काळवीट भरपूर, उन्हाळ्यात बांधाजवळ हिरवा चारा टाकायचो तर गावातली गुरं-शेळ्याच फस्त करायच्या. मग चाऱ्याभोवती साधारण साडेतीन फुटी कुंपण केलं, काळवीट उडी मारून आत येतं, गुरं बाहेरच राहतात; खाली ताणलेली चेनलिंक जाळी आणि वर काटे नसलेली साधी तार, काटेरी अजिबात नको, उडी मारताना काळवीटाचं पोट फाटतं. वरच्या तारेला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या म्हणजे लांबून दिसते. आतली जागा ऐसपैस हवी बरं का, छोट्या कोंडवाड्यात हरीण उतरतच नाही, पळायला मोकळी जागा लागते त्याला. आणि कोपऱ्याच्या खांबांचे तिरपे टेकू आतल्या बाजूनं द्या, बाहेरून दिले तर शेळ्या त्यावरूनच चढतात, बेरकी जात. गाई तर फिरकतही नाहीत आता.