भाड्याच्या घरात फ्रिज-एसी बिघडला? भांडण्याआधी या चुका टाळा

मुंबईत अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करताना भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज यावर हवी तेवढी घासाघीस होते. घरातल्या वस्तू मात्र 'फ्रिज १, एसी १, गिझर १' एवढ्यात उरकतात. मग ऐन मे महिन्यात एसी बसला की ओनर म्हणतो, "दिला तेव्हा चालू होता", भाडेकरू म्हणतो, "पहिल्यापासून खडखडत होता." कदाचित दोघंही खरंच बोलत असतील, पण दाखवायला कोणाकडेच काही नसतं.

म्हणून चावी घेतानाच प्रत्येक वस्तूची कंपनी, अंदाजे वय आणि आजची अवस्था लिहून घ्या. गिझर, वॉशिंग मशीन, एसी चालवून व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी ओनरला व्हॉट्सॲप करा. एजंटला पाठवून उपयोग नाही. ब्रोकरेज हातात पडल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.

मेकॅनिककडून कारण लिहून न घेणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'गॅस भरला' एवढंच बिलावर असेल तर पैसे कोणी द्यायचे हे देवालाच ठाऊक. गॅस गेला कशाने? सिंगल डोअर फ्रिजमधला बर्फ सुरीने खरवडताना कॉइलला भोक पडलं असेल, तर खर्च भाडेकरूचा, वाद नको. पण वर्सोव्याला किंवा दादर चौपाटीजवळ एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल खाऱ्या हवेने खाल्ली असेल, तर त्यात राहणाऱ्याचा काय दोष? ती ओनरने बदलावी. वॉशिंग मशीनच्या पंपात नाणं अडकलं तर भाडेकरू. टँकरच्या जड पाण्याने क्षार साचून गिझरचा एलिमेंट उडाला तर ओनर. फिल्टर धुणं, सर्व्हिसिंग हे वापरणाऱ्याचं. कंप्रेसर, मोटर, पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) मालकाचं, अशी वाटणी करारातच लिहिलेली बरी.

आणि गल्लीतल्या मेकॅनिकला लगेच वस्तू उघडू देऊ नका. कंप्रेसरवर बऱ्याच कंपन्या १० वर्षांची वॉरंटी देतात, त्याचं बिल ओनरच्या कपाटात पडून असतं. ते आधी मागा.

परस्पर भाडं कापणं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ चा हवाला देऊन अनेकजण भाड्यातून पैसे वळते करतात. ते कलम जागेच्या दुरुस्तीचं आहे. त्यातही आधी किमान १५ दिवसांची नोटीस लागते आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त कापता येत नाही. शिवाय लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अशा अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणारा कायद्याच्या लेखी भाडेकरू नसतोच, लायसन्सी (वापराची परवानगी मिळालेला) असतो. तेव्हा फ्रिजचे पैसे कापायचे तर ओनरचं 'हो' मेसेजवर घ्या.

ओनरच्या चुका

ॲग्रीमेंट रजिस्टर न करणं ही मोठी. याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केलेला करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. दुसरी, धडा शिकवायला वीज किंवा पाणी तोडणं. भाडेकरूच्या बाबतीत कलम २९ त्याला मनाई करतं. आणि आठ वर्षं जुना फ्रिज गेला म्हणून डिपॉझिटमधून नव्याची किंमत वळती करणं हा निव्वळ आडमुठेपणा. त्या फ्रिजला भंगारवाला काय देईल ते आधी विचारून बघा.

मुंबईत असे वाद धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयापर्यंत नेता येतात, पण गिझरसाठी तिथल्या तारखा कोणालाच परवडत नाहीत. दोघांनी मिळून कंपनीचा टेक्निशियन बोलवावा, तो लिहून देईल ते कारण मानायचं हे आधी ठरवावं आणि व्हिजिट चार्ज निम्मा निम्मा भरावा. घर सोडताना हा क्रम ठेवा: ओनरसमोर सगळं चालवून दाखवायचं, यादीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या, डिपॉझिटचा हिशेब तिथेच करायचा आणि मगच चावी द्यायची.