नागपुरात घरखर्च कसा आवरायचा: आमच्या घरात जे खरंच चाललं ते

पहिलेच सांगते, चहा सोडू नका अन् रविवारचे तर्री पोहेही सोडू नका. काटकसर म्हटली की लोक आधी तिथंच कात्री लावतात, पंधरा दिवसांत कंटाळतात अन् मग सगळंच सोडून देतात, आमच्याकडे दोनदा असंच झालं. पैसा खरा जातो तो आपल्याला दिसत नाही तिथून. म्हणून आधी खर्च डोळ्यांना दिसेल असं करायचं, कापाकापी नंतर.

त्यासाठी एक महिना नुसतं लिहा. काहीच कमी करू नका, नेहमीसारखं वागा, फक्त लिहा. मी मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं शिवून फ्रिजच्या बाजूला लटकवली, दोरीनं पेन बांधला अन् घरात सांगून टाकलं की ज्याच्या हातून पैसा गेला त्यानंच लिहायचं, पाच रुपये असले तरी. मोबाइलवरून पैसे द्यायला लागल्यापासून नोट हातातून जाताना दिसतच नाही ना, स्कॅन केलं, टुंग वाजलं, संपलं. महिना संपल्यावर रात्री सगळे बसून वही वाचली तर दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून आम्ही १९ वेळा सामान मागवलं होतं. १९ वेळा! लागत काय होतं तर कधी दूध, कधी सांभार (कोथिंबीर), कधी दही, पण डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून प्रत्येक वेळी सोबत चिप्स, बिस्किटं, कोल्ड्रिंक असं काहीबाही टाकलेलं. कोणाचीच चूक नव्हती, कोणाला कळतच नव्हतं. आता फ्रिजवर कागद चिकटवलाय, संपलं की लगेच लिहायचं, अन् आठवड्यातून एकदाच आणायचं. मधेच काही संपलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात पायी जायचं, पायी गेलं की माणूस बरोबर तेवढंच आणतो.

वही वाचून झाली की त्याच रात्री अजून एक काम करा. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाची जागा असते, ती उघडून पहा. महिन्याच्या महिन्याला यूपीआयवरून आपोआप कटणारं तिथं दिसतं अन् तिथूनच बंदही करता येतं. आमच्याकडे एक व्हिडिओ ॲप चालू होतं जे कोणी पाहतच नव्हतं, अन् पोराच्या अभ्यासाचं एक ॲप, ज्याची परीक्षा होऊन वर्ष झालं होतं. कार्डावरून कटणारे यात दिसत नाहीत, त्यासाठी कार्डाचं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचावं लागतं. हप्त्यावर वस्तू घेत असाल तर ‘नो कॉस्ट’ लिहिलेलं असलं तरी प्रोसेसिंग फी अन् व्याजावरचा जीएसटी लागतो का ते विचारा, बहुतेक वेळा लागतो.

आता लाइट बिल, कारण नागपुरात राहून उन्हाळ्याच्या बिलाबद्दल बोललं नाही तर बाकी सगळं बोलून उपयोग नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, मग ३०१ ते ५००, अन् ५०० च्या वर सगळ्यात महाग. पुष्कळ लोकांना वाटतं की पुढच्या टप्प्यात एक युनिट जरी गेलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं, तसं नाही, फक्त वरचे युनिट महाग पडतात. पण म्हणूनच तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं, अन् त्यावरचा वहन आकार अन् वीज शुल्कही वाचतं. मे महिन्यात रोज दोन युनिट वाचले तर ते महिन्याचे ६० महागडे युनिट झाले.

कुठं वाचवायचे हे मीटरच सांगतो. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, वीज जितकी जास्त ओढली जाते तितका तो भरभर लुकलुकतो. एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, अन् मी जिन्याखाली मीटरसमोर उभी राहिले. दिवा शांत होता, मला वाटलं चला सगळं ठीक आहे, तेवढ्यात एकदम भर्रकन पळायला लागला. मिस्टर वरून ओरडले, सगळं बंद आहे! नव्हतं. वरच्या बाथरूमचा गीझर हिवाळ्यापासून चालूच होता, त्याचा इंडिकेटर गेलेला म्हणून कोणाला दिसला नाही, अन् तो दिवसरात्र टाकीतलं पाणी परत परत गरम करून राहिला होता, एप्रिलमध्ये, जेव्हा आपल्याकडे नळालाच गरम पाणी येतं. हा प्रयोग प्रत्येकानं एकदा करावा असं मला मनापासून वाटतं, दहा मिनिटं लागतात.

कूलरबद्दल थोडं सविस्तर सांगते. साधा कूलर साधारण २०० वॅटचा धरला तर दहा तासात दोन युनिट खातो, दीड टनचा एसी रात्रभरात त्याच्या चार-पाच पट सहज जातो. आपली हवा कोरडी म्हणून मृगाच्या पावसापर्यंत कूलर मस्त काम करतो, एकदा पाऊस लागला की मात्र नुसती चिकचिक. पण तो नीट लावलेला पाहिजे. कूलर खिडकीच्या बाहेर सावलीत हवा, ऊन पडत असेल तर वरून हिरवी नेट बांधा, अन् समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते अन् लोक म्हणतात कूलर थंड करून नाही राहिला. गवत दर वर्षी बदलाच, जुन्या गवतावर क्षार बसून ते दगडासारखं होतं, मग हवा येत नाही. अन् टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. हे बचतीसाठी नाही, डेंगूच्या मच्छरासाठी आहे, पण दवाखान्याचा खर्चही खर्चच आहे.

एसी असेल तर २६ वर ठेवा, वर पंखा लावा, पहाटे बंद व्हायचा टायमर लावून झोपा. दुपारी सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं, आमच्याकडे सुरुवातीला यावरून भांडणं झाली, आता त्याच खोलीत पत्ते चालतात. वरच्या मजल्यावर राहात असाल तर मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या, स्वस्त काम आहे अन् खोलीत फरक कळतो.

गॅसचं छोटं आहे. सिलेंडर लावला त्या दिवशीची तारीख त्याच्यावर खडूनं लिहायची, मग किती दिवस पुरला हे कळतं अन् आमच्या घरात तरी तेवढ्यानंच वापर कमी झाला. घेताना वजन करून मागा, रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. डाळ आधी भिजवा, कुकरच्या तीन डब्यांत वरण, भात, आलू एकदमच लावा, अन् ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ करा.

किराण्यात खरी बचत वर्षाच्या सामानात आहे, आपल्या आया-आज्या करायच्या तीच. नवी तूर डाळ उन्हाळा लागायच्या आत येते, लाल मिरचीही त्याच सुमारास, भिवापुरी मिळाली तर सोन्याहून पिवळं, अन् गहू एप्रिलमध्ये. इतवारीत दोन-तीन दुकानी भाव विचारून घ्या, पहिल्याच दुकानात थांबू नका. कळमन्याच्या मोठ्या बाजारात ठोक भाव मिळतो पण माल जास्त घ्यावा लागतो, म्हणून आम्ही गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक टेम्पो केला अन् घरी काट्यावर वाटून घेतलं. गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत कोठीत भरा. एकदम एवढे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आम्हालाही पडला होता, म्हणून पहिल्या वर्षी फक्त डाळ घेतली, पुढच्या वर्षी गहू. अन् जे खराब होतं ते स्वस्त आहे म्हणून भरू नका. बेसन पाच किलो घेतलं होतं मी, पावसाळ्यात त्यात अळ्या झाल्या, फेकताना जीव तुटला.

भाजी आठवडी बाजारातून, बुधवार बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात, पण तेव्हाची पालेभाजी त्याच रात्री निवडून ठेवायची तयारी असेल तरच घ्या. सांभार न धुता, मुळं कापून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवला की आठवडा जातो. फ्रिजमध्ये जे आधी संपवायचंय ते समोर, डोळ्यांच्या उंचीला ठेवा. आमची अर्धी भाजी मागच्या कोपऱ्यातच सडायची.

काही ठिकाणी हात लावू नका. भांडीवाल्या ताईंचे पैसे कापून होणारी बचत मला बचत वाटत नाही, त्यांचंही घर त्याच महागाईत चालतं. आरोग्य विमा बंद करू नका. औषधं मात्र डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचा खर्च आमचा त्यानं बराच उतरला.

अन् जे वाचलं ते खात्यात तसंच राहू देऊ नका, राहात नाही ते. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी आरडीत, म्हणजे महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या ठेवीत, जाईल असं लावून ठेवा, ५०० असो की २,०००. आमची पहिली आरडी संपली तेव्हा आम्ही पंखे बदलायला घेतले. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास, म्हणजे दिवसातले वीस तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २७ युनिट वाचतात. घरातल्या तिन्ही खोल्यांचे एकदम घ्यायला पैसे पुरत नव्हते, मग पहिला सासूबाईंच्या खोलीत लावला, कारण त्यांचा पंखा दिवसरात्र चालतो.