लोकलमध्ये गाऊन कमावताय? मग या चुका टाळा

गळा चांगला, जोडीला ढोलकीवाला, तरी दिवसभर फिरून हाती चिल्लर. असं झालं की बहुतेक जण गाणी बदलतात. माझं ऐकाल तर आधी गाडी बदला.

सकाळी आठ ते अकरा चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढूच नका. तिथे माणसाला नाक खाजवायला हात मोकळा नसतो, खिशात कुठून घालणार? त्याच वेळी विरार, कल्याणच्या दिशेने निघालेल्या गाड्या बऱ्याच मोकळ्या असतात. दुपारची स्लो तर उत्तमच.

डबाही बघून घ्या. छतावर पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, असलेला डबा म्हणजे मोटरकोच. त्याच्या खालच्या घरघरीत पेटीचे खालचे सूर बुडतात आणि गाणारा ओरडायला लागतो. दुपारपर्यंत घसा बसतो तो यानेच. शेजारच्या डब्यात जा. लेडीज डब्यात मात्र पुरुषांनी पाऊल टाकायचं नाही, तो गुन्हा आहे.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते लांबलेल्या गाण्यामुळे. स्लो लोकलमध्ये दोन स्टेशनांत जेमतेम दोन-चार मिनिटं मिळतात. आलापात एक मिनिट गेलं, दोन अंतरे झाले, की दादर येतं आणि ऐकणारे सगळे दाराशी. थेट मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, आणि ढोलकी वाजत असतानाच फेरी. मोठं गाणं म्हणायचंच असेल तर अंधेरी ते बोरिवली न थांबणारी फास्ट पकडा. क्यूआर कोड गळ्यात लटकवा, पण मोठा छापून. दोन सीट पलीकडून स्कॅन झाला पाहिजे.

पावसाळ्यात ढोलकीचं कातडं सैल पडतं, पेटीच्या पट्ट्या अडकतात. प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवाच.

आता आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल. 'आम्ही भीक मागत नाही, कला सादर करतो' हा वाद प्लॅटफॉर्मवर घालू नका. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 144 नुसार गाडीत किंवा स्टेशनात भीक मागायला मनाई आहे, आणि विनापरवाना वस्तू विकणं हा गुन्हा आहे. विक्रीसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो; भीक मागण्यालाही हीच शिक्षा होती, ती 2023 च्या दुरुस्तीने काढली. आणि मुंबई भीक प्रतिबंधक कायदा 1959 च्या व्याख्येत तर गाणं, नाचणं या निमित्ताने पैसे घेणंही येतं. मला ही व्याख्या अन्यायाची वाटते, पण हवालदारासमोर ती बदलत नाही. वर तिकीट नसेल तर भाड्याशिवाय किमान अडीचशे रुपये जातात, म्हणून पास काढलेला असू द्या.

रीतसर वाट आहे, पण ती लांबची आहे. नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने रेल्वेच्या परवानगीने स्टेशनांवर कलाकार बसवले होते. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा अशा संस्थेमार्फत किंवा चार-पाच जणांचा गट करून विभागीय कार्यालयात अर्ज द्या. तोंडी 'हो' वर विसंबू नका. ड्युटी बदलली की तो 'हो' गेला.

शेवटची चूक म्हणजे फोन नंबर न देणं. डब्यात दहा रुपये देणारा माणूसच उद्या हळदीला, सत्यनारायणाला बोलावतो. गणपतीच्या दोन महिने आधीपासून कार्डं वाटा. मंडळांचे कार्यक्रम तेव्हाच ठरत असतात.